बक्षीस कोणाचें ?

आपल्या भाषेनें कुत्र्याला फारसा न्याय दिलेला नाहीं. कोणाचे हाल झाले म्हणजे ‘कुत्र्याचें जिणें’ आलें म्हणावयाचें. कोणी सुधारत नाहीं असें दिसलें म्हणजे नळींत घातलेल्या शेंपटाचा दाखला द्यावयाचा. आणि कोणाची अगदींच अप्रतिष्ठा करावयाची झाली कीं, ‘त्याला कुत्रेंहि विचारीत नाहीं’ असें म्हणून मोकळें व्हावयाचें. परंतु ज्या समाजानें हीं वचनें घडविलीं, त्याच समाजानें स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाच्या सोबतीस कुत्राच दिला, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार श्वान बसविले, आणि कोरडी भाकर तोंडांत धरून पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेवमहाराज आपल्या मुलांना कथेंत दाखविले. ह्या प्राण्याला हाडहूड करणारा एक विचार व त्याला सोबती मानणारा दुसरा विचार, असे दोन विचार आपल्या मनांत फार पूर्वीपासून शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत.

अलीकडे ह्यांत तिसऱ्या एका विचाराची भर पडली आहे. तो म्हणजे कुत्र्याला प्रदर्शनांत नेऊन बक्षीस मिळविण्याचा. थंडीच्या दिवसांत पुणें-मुंबईसारख्या शहरांत श्वानप्रदर्शनें भरतात. विद्यार्थी आईबापांबरोबर तीं पाहावयास जातात. आणि घरीं परततांच ‘आपणहि एक चांगल्या जातीचा कुत्रा घेऊं,’ असा हट्ट सुरू होतो. हा हट्ट पुरवावा कीं नाहीं, आणि पुरवावयाचा तर कोणत्या अटीवर, ह्याचा विचार पालकांनीं व मुलांनीं एकत्र बसून करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. ज्या स्पर्धेंत शिकविणाऱ्याची मेहनत व शिकणाऱ्या प्राण्याची खुषी ह्यांची परीक्षा होते, त्या स्पर्धेंत मुलांनीं अवश्य उतरावें. ज्या स्पर्धेंत केवळ विकत घेतलेलें रूप मिरवावयाचें असतें, तिच्यापासून शाळकरी मुलांनीं दूर राहिलेलें बरें.

प्रथम हीं प्रदर्शनें कशीं निघालीं तें पाहूं. इंग्लंडांत न्यूकॅसल शहरीं इ. स. १८५९ च्या जून महिन्यांत जें प्रदर्शन भरलें, तें अशा प्रकारचें पहिलें संघटित प्रदर्शन मानतात. त्यांत पॉइंटर व सेटर ह्या दोनच शिकारी जातींचे कुत्रे होते, आणि विजेत्यांस बक्षीस म्हणून बंदुका मिळाल्या. पुढें १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब ही संस्था स्थापन झाली, १८७७ सालीं न्यूयॉर्क येथें वेस्टमिन्स्टरचें प्रदर्शन सुरू झालें, आणि १८९१ सालीं चार्ल्स क्रफ्ट ह्या गृहस्थानें आपल्या नांवाचें पहिलें प्रदर्शन लंडनांतील इस्लिंग्टन भागांत भरविलें. हा क्रफ्ट मूळचा कुत्र्यांचीं बिस्किटें विकणाऱ्या एका पेढीवरील नोकर. १९४८ पासून तें प्रदर्शन केनेल क्लबच्या हातीं आलें, व १९९१ पासून तें बर्मिंगहॅम येथें भरतें. आपल्या देशांत चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था कुत्र्यांच्या वंशावळींची नोंद ठेवते.

ह्या प्रदर्शनांत निकाल कसा लागतो, हें पुष्कळ प्रेक्षकांस ठाऊक नसतें. त्यांना वाटतें कीं, परीक्षक दहा कुत्रे ओळीनें उभे करतो आणि त्यांतला सुंदर तो निवडतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. प्रत्येक जातीचें एक लिखित वर्णन ठरलेलें असतें. डोकें किती रुंद, छाती किती खोल, कान कसे, चाल कशी, हें सारें त्यांत सांगितलेलें असतें. परीक्षक प्रत्येक कुत्र्यास हातांनीं चांचपून, त्याचे दांत पाहून व त्याला चालवून, तो ह्या वर्णनाच्या किती जवळ येतो तें ठरवितो. एका जातींतील विजेता मग आपल्या गटांतील इतर विजेत्यांपुढें उभा राहतो, आणि गटांचे विजेते शेवटीं सर्वश्रेष्ठ पदासाठीं एकत्र येतात. मूळ कल्पना वाईट नव्हती. मेंढरें राखणाऱ्याची पाठ बळकट असावी, शिकाऱ्याची छाती खोल असावी, हें त्याच्या कामावरूनच ठरलें होतें. रूप हें कामाचें चिन्ह होतें.

परंतु चिन्हाचीच पूजा सुरू झाली म्हणजे मूळ वस्तु मागें पडते. बसकें नाक शोभतें असें एकदां ठरलें कीं, अधिक बसकें अधिक शोभतें असें वाटूं लागतें. सुरकुत्या आवडल्या कीं आणखी सुरकुत्या हव्याशा होतात. ह्याचें फळ मात्र मुक्या प्राण्यास भोगावें लागतें. इंग्लंडांत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, बुलडॉग जातीच्या शंभरांपैकीं ऐंशींहून अधिक बाळंतपणें पोट कापून करावीं लागलीं. डोकें व खांदे इतके रुंद झाले कीं, पिलांना बाहेर येण्याची वाटच पुरेनाशी झाली ! त्यापूर्वीं, २००८ सालीं, बी. बी. सी. नें वंशशुद्ध कुत्र्यांच्या रोगांविषयीं एक माहितीपट दाखविला, तेव्हां तेथें मोठी खळबळ उडाली. पुढील वर्षीं बी. बी. सी. नें क्रफ्टचें प्रदर्शन दाखविणें थांबविलें, आणि केनेल क्लबनें अनेक जातींचीं वर्णनें बदललीं. २०१२ सालीं तर त्या प्रदर्शनांत पंधरा जातींच्या विजेत्यांना स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासून घेण्याचा नियम झाला, आणि त्यांपैकीं सहा जातींचे विजेते तपासणींत उतरले नाहींत. ज्यांना परीक्षकानें आपल्या जातींत पहिलें ठरविलें, त्यांनाच वैद्यानें पुढें जाऊं दिलें नाहीं. ह्याहून बोलका दाखला दुसरा कोणता हवा ?

आपल्या हवेंत ही गोष्ट अधिकच गंभीर होते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून व धापा टाकून आपलें अंग निववितो. ज्याचें नाक पिढ्यान्‌पिढ्या आंखूड केलें गेलें, त्याला वैशाखांतल्या दुपारीं ही एकुलती खिडकीहि अर्धी मिटलेली असते. २००३ सालीं एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत एका लहान मुलामागून चालणारा पग जातीचा कुत्रा आपण पाहिला, आणि त्यानंतर घरोघरीं पग येऊं लागले. जाहिरात मोठी गोड होती; पण तींत धाप ऐकूं येत नव्हती.

ह्याउलट आपल्याच मातींतला एक कुत्रा पाहा. घटप्रभेच्या कांठीं वसलेलें मुधोळ हें पूर्वीं घोरपडे घराण्याचें संस्थान होतें; आज तें कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या चपळ शिकारी कुत्र्याची हौसेनें जोपासना केली, आणि त्याची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांस नजर केली, असें सांगतात. ह्यालाच कारवान असेंहि नांव आहे. लांब निमुळतें डोकें, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, लांब पाय. दिसावयास कृश, पण धांवूं लागला कीं वाऱ्यासारखा. ह्या देहांत शोभेसाठीं म्हणून कांहीं वाढविलेलें नाहीं. जें आहे तें धांवण्यासाठीं आहे. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें चार देशी जातींवर तिकिटें काढलीं, त्यांत रामपूर, राजपालयम व हिमालयी मेंढपाळ कुत्रा ह्यांच्या पंक्तीस मुधोळलाहि मान मिळाला. असा कुत्रा प्रदर्शनाच्या रिंगणांत आला तर मला आनंदच होतो, कारण तेथें रूप आणि जीवन ह्यांचें भांडण नसतें.

आतां चपलतेच्या शर्यतीकडे वळूं. इंग्रजींत हिला अ‍ॅजिलिटी म्हणतात, आणि हिच्या जन्माची हकीकत मौजेची आहे. १९७८ सालीं क्रफ्टच्या प्रदर्शनांत दोन कार्यक्रमांच्या मध्यें प्रेक्षकांना रिझविण्यासाठीं कांहीं तरी हवें होतें. जॉन व्हार्ले ह्या कार्यकर्त्यानें घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतींवरून कल्पना घेतली, आणि पीटर मीनवेल ह्या शिक्षकाच्या साहाय्यानें तसाच मार्ग कुत्र्यांसाठीं आंखला. केवळ वेळ भरून काढण्यासाठीं मांडलेला हा खेळ लोकांना इतका आवडला कीं, १९८० सालीं त्याचे रीतसर नियम झाले, आणि आज तो देशोदेशीं खेळला जातो. आपल्याकडे रूपप्रदर्शनांच्या मानानें अशा शर्यती अद्याप थोड्याच होतात. पण त्या वाढाव्यात अशीच माझी इच्छा आहे.

मैदानावर सुमारें वीस अडथळे मांडलेले असतात. त्यांत उडी मारण्याच्या आडव्या काठ्या, टांगलेलें टायर, वळणाचा बोगदा, छपरासारखी चढण व उतरण, अरुंद फळीचा पूल, वरखालीं होणारी फळी, आणि ओळीनें रोवलेले खांब असतात. ह्या खांबांमधून कुत्र्यानें नागमोडी वळणें घेत जावयाचें. पुलाच्या व फळीच्या टोंकांना निराळा रंग दिलेला असतो, आणि त्या रंगावर पाऊल टेकलें नाहीं तर दोष धरतात. हा नियम उगाच अडविण्यासाठीं केलेला नाहीं. उंचावरून मध्येंच उडी टाकून कुत्र्यानें स्वतःस इजा करून घेऊं नये म्हणून केलेला आहे. काठी पडली, रंगीत पट्टा चुकला, अथवा अडथळ्यापाशीं कुत्रा अडला, तर प्रत्येकीं पांच दोष. अडथळ्यांचा क्रम चुकला तर स्पर्धेंतून बाद. काठ्यांची उंची कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून ठरते, म्हणजे धाकट्याला थोरल्याची उडी मारावयास लावीत नाहींत.

ह्या खेळांतील तीन नियम विद्यार्थ्यांपुढें विशेषेंकरून ठेवावेसे वाटतात. पहिला नियम असा कीं, प्रत्येक वेळीं मार्ग नवा असतो, आणि तो माणसानें कुत्र्यावांचून आधीं एकट्यानें चालून पाठ करावयाचा असतो. कुत्रा तो मार्ग ऐन शर्यतींतच प्रथम पाहतो. त्याला पुढचें वळण सांगणारा तुम्हींच. तुमचा अभ्यास कच्चा राहिला तर चूक त्याच्या पावलांची दिसेल, परंतु ती तुमची असेल. दुसरा नियम असा कीं, धांवतांना कुत्र्याला दोरी बांधलेली नसते व त्याला हात लावावयाचा नसतो. ओढणें, ढकलणें, धाक दाखविणें, ह्यांपैकीं कांहीं एक चालत नाहीं. आवाज, हाताची खूण आणि आपल्या पावलांची दिशा, एवढींच साधनें. ज्या कुत्र्याला तुमच्याबरोबर धांवण्यांत गोडी नसेल, तो सर्वांदेखत मैदान सोडून चालता होईल. तिसरा नियम वयाचा. इंग्लंडांतील नियमांप्रमाणें दीड वर्षाच्या आंतील कुत्र्याला ह्या स्पर्धेंत उतरूं देत नाहींत, कारण कोंवळ्या हाडांवर उड्यांचा भार पडूं नये. ह्या तिसऱ्या नियमाचें तात्पर्य पालकवर्गास निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

ह्या शर्यतीचा आणखी एक मोठा गुण म्हणजे तिला वंशावळीचा कागद लागलाच पाहिजे असें नाहीं. इंग्लंडांत त्या संकरित कुत्र्यांनाहि खुल्या आहेत. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर संस्थेनें २०१४ सालीं चपलतेची स्पर्धा सुरू केली, तींत संकरित कुत्र्यांस प्रवेश ठेवला. आणि २०२४ च्या मे महिन्यांत बॉर्डर कॉली व पॅपिलॉन ह्यांच्या संकरांतून जन्मलेल्या निंबल नांवाच्या लहानशा कुत्र्यानें ती जिंकली. त्यापूर्वीं संकरित कुत्र्यास तो मान कधींहि मिळाला नव्हता. मग आपल्या आळींतील गांवठी कुत्र्यानेंच काय पाप केलें आहे ? त्याचें नाक लांब, केस आंखूड, पाय हलके. आपल्या उन्हातान्हांत टिकावयास तोच खरा घडलेला. त्याला घर मिळालें, पोटभर अन्न मिळालें आणि कोणी मायेनें शिकविलें, तर तो आडव्या काठीवरून उडी मारणार नाहीं असें थोडेंच आहे !

रूपप्रदर्शनांतहि एक विभाग असा आहे कीं, त्याविषयीं माझा आक्षेप नाहीं. तो म्हणजे मुलांच्या हातोटीचा. अमेरिकेंत नऊ वर्षांपासून अठरा वर्षांच्या आंतील मुलामुलींकरितां अशा स्पर्धा होतात, आणि त्यांत परीक्षक कुत्र्याचें रूप पाहत नाहीं. मुलगा त्याला कसा उभा करतो, कसा चालवितो, तो बिथरला असतां स्वतः शांत राहतो कीं नाहीं, हें पाहतो. अशा स्पर्धेंत बापाच्या पैशाला गुण मिळत नाहींत; मुलाच्या हाताला मिळतात.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणतील, प्राण्याला असें नाचविणें हीच मुळीं क्रूरता होय. ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तो हंसण्यावारी नेऊं नये. परंतु त्याचें उत्तर कुत्राच देतो. शेंपूट पोटाशीं घेणें, कान मागें पाडणें, वारंवार ओंठ चाटणें, भूक वा झोंप नसतांहि जांभया देणें, हीं त्याच्या भयाचीं चिन्हें आहेत. हीं दिसूं लागलीं कीं त्या दिवसाचा खेळ बंद करावा. पुनः पुनः दिसलीं तर स्पर्धेचा नादच सोडावा. जो मुलगा हीं चिन्हें वाचूं शकतो आणि वाचून थांबूं शकतो, तोच स्पर्धेंत उतरण्यास पात्र होय. दुसरे म्हणतील, हे श्रीमंतांचे छंद आहेत. रूपप्रदर्शनाविषयीं हें बव्हंशीं खरें आहे. परंतु चपलतेच्या अभ्यासाला दोन विटा व एक बांबू पुरे आहे. बांबू विटांवर नुसता टेकून ठेवावा, बांधूं नये, म्हणजे पाय लागतांच तो पडेल व कुत्र्यास इजा होणार नाहीं. आरंभीं उंची वीतभरच असावी. जमलें कीं त्याच क्षणीं शाबासकी व खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. न जमलें तर रागावूं नये, पुनः सोपें करून द्यावें. तिसरे म्हणतील, अभ्यासाचें काय ? त्यांना माझें उत्तर असें कीं, सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं दहा मिनिटें ह्या कामास पुष्कळ झालीं, आणि रोज नेमानें दहा मिनिटें दुसऱ्या जीवासाठीं देण्याची संवय ज्याला लागली, त्याचें गणितहि त्यामुळें बिघडणार नाहीं.

पालकांस मात्र आणखी दोन शब्द सांगावयाचे आहेत. कुत्रा घ्यावयाचाच झाला तर प्रथम आजूबाजूस घर नसलेला एखादा आहे कीं काय, तें पाहावें. पिलूं विकत घेणें असेल तर आपल्या देशांत २०१७ सालीं झालेले नियम लक्षांत ठेवावे. त्यांप्रमाणें कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्यानें सरकारदरबारीं नोंदणी केलेली असली पाहिजे, व आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं. पिलाची आई दाखवा म्हणून आग्रह धरावा. आई दाखविण्यास जो कां कूं करतो, त्याच्या दारांतून माघारें फिरावें. पिसाळण्याच्या रोगावरील लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी, आणि कुत्र्याचें शेण-मूत काढण्याचें काम घरांतील गड्यास न देतां मुलालाच द्यावें. पंधरा दिवस हें काम झाल्यावरहि हट्ट टिकला, तर तो हट्ट नसून आवड आहे असें समजावें.

आणि सर्वांत महत्त्वाचा एक प्रश्न कुत्रा घरांत आणण्यापूर्वींच मुलास विचारावा: ‘ह्याला बक्षीस मिळालें नाहीं तर तूं ह्याचें काय करशील ?’ कारण प्रदर्शनास जितके कुत्रे जातात, त्यांपैकीं फारच थोड्यांस पदक मिळतें. बाकीचे सारे तसेच घरीं परततात. कोणी पायाखालची जागा घसरडी होती म्हणून अडतो, कोणी गर्दीला भितो, कोणाचा कान वर्णनाप्रमाणें नसतो. त्या सर्वांना त्यानंतरहि दहा-बारा वर्षें जगावयाचें असतें. तीं वर्षें कोणाच्या पायरीवर जावयाचीं, हें त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. शहरांतील रस्त्यांवर अधूनमधून एखादा जातिवंत कुत्रा गळ्यांत जुना पट्टा असलेला, बावरलेला असा हिंडतांना दिसतो. त्याच्या धन्यास हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता, किंवा विचारला असूनहि त्यानें उत्तर दिलें नव्हतें.

कुत्र्याला पदक म्हणजे काय तें कळत नाहीं. चांदीचा पेला त्याच्यापुढें ठेवला तर तो त्यांत पाणी आहे कीं काय तेवढें पाहील. त्याला कळतें तें एवढेंच कीं, आपण धांवलों तेव्हां आपला माणूस बरोबर धांवत होता, आणि शेवटीं तो आनंदला. काठ्या सगळ्या पडल्या असतांहि जर तो तितकाच आनंदला, तर कुत्र्याच्या हिशेबीं बक्षीस मिळालेलेंच आहे. म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांना ह्या मैदानांत उतरावयाचें असेल, त्यांनीं खुशाल उतरावें. पण काठी पडल्यावर आपल्या कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवितां येईल, इतकें मन आधीं तयार करावें.